सहीवर घेतलेलं प्लॅटिनम

माझ्या आईने प्लॅटिनम पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या मोबाईलवर. मला नोकरी लागून आठवडा झाला होता. मी फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून तिने नुसती मान पुढे करून बघितलं आणि म्हणाली, "ही तर जर्मनची वाटी."

आमच्या घरात ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. चहाचं पातेलं जर्मनचं, आंघोळीचं पाणी तापवायचा टोप जर्मनचा.

"आई, हे प्लॅटिनम आहे. सोन्याहून जड."

"असेल. पण कडेला चेपलंय बघ. नीट वापरत नाहीत वाटतं तुमच्यात."

पप्पा जेवत होते. "सोन्याहून महाग का?"

"भाव वर-खाली होतो. पण सोनं जिथं वितळून जाईल तिथं हे नुसतं लाल होतं."

"मग दागिना कशाला करतात त्याचा? भट्टीत जायचंय का कोणाला," आई म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री. आईकडच्या आणि पप्पांकडच्या, दोन्ही घरांत मिळून कॉलेज पूर्ण केलेली पहिली. हे मी लाजत सांगत नाही आणि कोणी विचारायची वाटही बघत नाही. पप्पा मराठवाड्यातून आले, रिक्षा चालवतात. आई एका केटरिंगवाल्याकडे पोळ्या करते. घर घाटकोपरला, असल्फाच्या डोंगरावर. अठ्ठ्याहत्तर पायऱ्या उतरलं की मेट्रो, आणि मेट्रोने थोड्याच वेळात मरोळ नाका. तिथे औद्योगिक गाळ्यांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब. सिमेंट, चुनखडी, काच, चिनी माती, वाळू, असले नमुने आमच्याकडे येतात. त्यात काय आहे आणि किती आहे हे आम्ही शोधून लिहून देतो. मला सहा महिन्यांसाठी ट्रेनी म्हणून घेतलं होतं. काम नीट केलं तर पक्की.

लॅबमध्ये प्लॅटिनमची चार क्रूसिबलं होती. सोनार सोनं वितळवायला मूस वापरतो ना, तीच ही वस्तू, फक्त उलट्या हिशोबाची. सोनाराच्या मुशीत धातू वितळतो आणि मूस मातीची असते. आमच्याकडे माती वितळते आणि मूस धातूची. ही चारही क्रूसिबलं एका लोखंडी कपाटात कुलपात असायची आणि कपाटाची किल्ली असायची काकांकडे.

काका लॅब अटेंडंट होते. दहावी नापास. मढचे कोळी. रोज सकाळी होडीने वेसाव्याला यायचे, तिथून मेट्रो पकडून मरोळला. बांधा बारीक, केस पांढरे, शर्टाच्या खिशात चष्मा आणि मलमाची एक ट्यूब. अठ्ठावीस वर्षं त्या लॅबमध्ये होते. मालक बदलले, केमिस्ट किती आले नि गेले, काका तिथेच. पहिल्या दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य केमिस्टनी, माझी ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, "बीएस्सी काय? बरं. हात पुढं कर."

मी हात पुढे केला. त्यांनी तळहातावर फोटोतली ती वाटी, म्हणजे एक क्रूसिबल, ठेवली आणि माझा हात खाली गेला.

ते हसले. "सगळ्यांचा जातो."

मी पुस्तकात वाचलं होतं. प्लॅटिनमची घनता एकवीसच्या वर, सोन्याची एकोणीसच्या वर, लोखंडाची आठच्याही खाली. परीक्षेत लिहिलंही होतं, मार्कही मिळाले होते. पण एवढीशी वाटी, अंगठ्याएवढी उंच, पातळ, आणि ती हात खाली ओढते, हे मला त्या दिवशी कळलं. जवळजवळ तीस ग्रॅमचीच होती. डोळ्यांनी एक सांगितलं होतं नि हाताला दुसरंच लागलं.

त्यानंतर मी प्लॅटिनमबद्दल मिळेल ते वाचत गेले. मेट्रोत मोबाईलवर, घरी जेवताना. सगळ्यात आवडला तो त्याच्या शोधाचा भाग. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांच्या वाळूत स्पेनचे लोक सोनं धूत होते. सोन्याबरोबर हे पांढरे जड खडे यायचे. भट्टीत वितळेनात, सोन्यातून वेगळे होईनात. त्यांनी त्याला नाव दिलं प्लॅटिना, म्हणजे 'छोटीशी चांदी', चांदीचं हिणवलेलं रूप. आणि ते खडे परत नदीत फेकून दिले. तिथले मूळचे लोक त्याआधी शेकडो वर्षं सोन्याचा नि याचा भुगा एकत्र तापवून, ठोकून दागिने करत होते, पण त्यांना विचारतो कोण. युरोपातल्या शास्त्रज्ञांना हा वेगळाच धातू आहे हे पटायला नंतर बराच काळ गेला.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "फेकलं त्यांनी. मग आता शोधत बसले असतील."

"बसलेत ना."

"बसू दे."

काकांना यातलं काही माहीत नव्हतं आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. त्यांना प्लॅटिनम हाताने कळायचं. रोज सकाळी ते चारही क्रूसिबलं काढायचे, उजेडाकडे धरून फिरवायचे, मग वजन करायला मला द्यायचे. मी दशांशापुढे चार आकडे वाचून दाखवायचे. आकडा यायच्या आधी ते हातात तोलून सांगायचे, "हे दोन नंबर." चुकले नाहीत कधी. चारही दिसायला सारखीच, पण एकाची कड त्यांना जरा धारदार लागायची, एकाच्या बुडाला हलका खोलगटपणा होता. वापरून वाकलेलं क्रूसिबल ते एका लाकडी ठोकळ्यावर बसवून अंगठ्याने दाबत दाबत गोल करायचे. हातोडी नाही, चिमटा नाही.

आणि वाळू. हे मला कुठल्याच पुस्तकात इतकं नीट सापडलं नाही. प्लॅटिनमला वरून कधी कधी राखाडी झाक येते. ती वेळीच घालवली नाही तर धातू हळूहळू ठिसूळ होतो. ती घालवायला वाळूने घासायचं, पण वाळू गोल दाण्याची हवी. टोकदार दाण्याने ओरखडे पडतात. काका मढच्या किनाऱ्यावरून ओहोटीला वाळू आणायचे. घरी गोड्या पाण्याने सात-आठ वेळा धुवायचे, लॅबमध्ये ॲसिडमध्ये टाकायचे. शिंपल्यांचा चुरा फसफसून निघून जायचा. मग चाळायची, वाळवायची, बाटलीत भरायची. ओल्या बोटाला ती वाळू लावून ते क्रूसिबलच्या आतून बोट फिरवत राहायचे, बाळाला तेल लावावं तसं. पाच मिनिटांत राखाडी गेलेली असायची.

"काका, विकत पण मिळते पॉलिशची पावडर," मी एकदा म्हणाले.

"मिळते. मग ती पावडर कशाची हाय, तुला ठाव?"

मला ठाऊक नव्हतं. बाटलीवर लिहिलेलं नव्हतं.

"माझी वाळू मना ठाव हाय," ते म्हणाले.

एका दुपारी काम कमी होतं. काकांनी बीकरमध्ये थोडं मिथेनॉल कोमट केलं आणि बर्नर बंद करून दूर सारला. एका काचेच्या दांड्याला प्लॅटिनमची बारीक तार बांधली होती. ती दुसऱ्या टेबलावरच्या ज्वालेत लाल करून आणली आणि बीकरच्या तोंडाशी टांगली. ज्वाला नाही, वीज नाही. तार लालच राहिली. आम्ही दोघं बघत बसलो. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, तार जळत्या उदबत्तीसारखी लाल. खाली मिथेनॉलची वाफ आणि हवेतला ऑक्सिजन त्या तारेवर येऊन एकमेकांशी जुळत होते, त्या उष्णतेने तार तापलेली राहत होती. तारेचं स्वतःचं काही खर्च होत नव्हतं.

मी हे घरी पप्पांना सांगितलं, कारण त्यांचा याच्याशी संबंध होता. "पप्पा, तुमच्या रिक्षाच्या सायलेन्सरमध्ये पण असंच असतं. धूर बाहेर पडायच्या आधी त्यातला विषारी गॅस साफ करायला. प्लॅटिनम, नाहीतर त्याची भावंडं, पॅलेडियम, रोडियम. अगदी जरासं, लेप दिल्यासारखं."

पप्पा थांबले. "माझ्या रिक्षात?"

"नवीन रिक्षा आहे ना. असणार."

"मग तुझ्या लग्नात सायलेन्सरच काढून देतो गळ्यात घालायला," पप्पा म्हणाले. तेव्हापासून कोणी मागून रिक्षाला घासून गेलं की ते म्हणतात, "अरे सांभाळ, प्लॅटिनम आहे मागं."

काकांच्या खिशातल्या ट्यूबचं सांगायचं राहिलं. काचेत वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, किती आहे हे काढायला एक ॲसिड लागतं, हायड्रोफ्लुओरिक. ते काच खातं. काचेच्या बाटलीत ठेवता येत नाही, काचेच्या भांड्यात वापरता येत नाही, चिनी मातीत नाही. प्लॅटिनमला मात्र ते काही करू शकत नाही. म्हणून ते काम प्लॅटिनममध्येच होतं. माणसाच्या अंगाला मात्र हे ॲसिड फार वाईट. थेंब पडला तर कधी कधी लगेच दुखतही नाही, आपण हात पुसतो आणि कामाला लागतो, आणि ते आत हाडापर्यंत उतरत जातं. काकांचा नियम होता: दोन हातमोजे, तोंडावर ढाल, काम धूर ओढणाऱ्या कपाटातच, आणि खिशात कॅल्शियमच्या जेलची ट्यूब. लागलंच तर आधी भरपूर पाणी, मग जेल, मग सरळ हॉस्पिटल. मी हातमोजे चढवले की ते माझी मनगटं धरून उलटसुलट करून बघायचे, भोक आहे का म्हणून.

"तुझ्या आईबापानं शिकवून पाठवलंय," ते म्हणायचे. "बोटं मोजून परत पाठवायची हायत मना."

तर असं चाललं होतं. काकांना रिटायर व्हायला तीन महिने उरले होते. लॅबमध्ये एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि काका ती दर दोन दिवसांनी कोणाला ना कोणाला ऐकवायचे: अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या सहीवर एकही क्रूसिबल खराब झालेलं नाही. प्लॅटिनम कपाटातून काढायचं तर वहीत सही लागायची. ट्रेनीला सही करता यायची नाही. त्यामुळे मी काम केलं तरी सही काकांची.

एक दिवस काचेचा नमुना आला. एक छोटा कारखाना, झुंबराचे लोलक करणारा. काचेचा चुरा प्लॅस्टिकच्या पिशवीत, बरोबर फॉर्म. फॉर्मवर कारखान्याचा शिक्का आणि 'साधी काच' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. काकांनी पिशवी उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"पोरी, हे जड लागतंय."

"चुरा बारीक आहे काका, दाबून भरलाय."

"साधी काच अशी लागत नाय हाताला. शिसं असंल. आधी तपास. नायतर निकेलच्या भांड्यात कर."

शिसं आणि प्लॅटिनम यांचं जमत नाही, हे मलाही माहीत होतं. तापलेलं शिसं प्लॅटिनममध्ये शिरतं आणि एरवी भट्टीला दाद न देणारा धातू कमी उष्णतेतच वितळतो. पण मी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. "लिहिलंय ना काका. शिक्का आहे."

आता हे लिहिताना मला माझा तो हात दिसतो, फॉर्म पुढे करणारा. आमच्या घरात लोखंडी पेटीत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आहे. त्यात झोपडपट्टीच्या सर्वेची पावती, फोटोपास, जातीचा दाखला, पप्पांचा रिक्षाचा बॅज, विजेची पहिली बिलं. एका पावसाळ्यात डोंगरावरून पाणी घरात शिरलं तेव्हा आईने आधी ती पिशवी डोक्यावर घेतली होती, मग मला. लहानपणापासून मी एकच वाक्य ऐकत आले, कागद आहे ना, मग झालं. कागदाने घर राहिलं, कागदाने फी माफ झाली, कागदाने मी बी.एस्सी. झाले. शिक्का मारलेल्या कागदावर लिहिलेलं चुकीचं असू शकतं, हे माझ्या मनात आलंच नाही. दहावी नापास माणसाच्या हाताला काय लागतंय आणि कागदावर काय आहे, यात मी कागद निवडला.

काकांनी सही करून तीन नंबर काढून दिलं आणि ते जेवायला गेले.

वितळवण्यासाठी मी चुरा सोड्यात मिसळून क्रूसिबलमध्ये घातला, झाकण ठेवलं, बर्नर लावला. थोड्या वेळाने ज्वाला पिवळी पडायला लागली. सिलिंडर संपत आला होता. पिवळ्या ज्वालेत काजळी असते आणि ती काजळीच काचेतलं शिसं मोकळं करते. मी थांबायला हवं होतं. पण काका जेवून यायच्या आत काम आटपून दाखवायचं होतं. मी बर्नर तसाच चालू ठेवला.

क्रूसिबल थंड झाल्यावर धुतलं. बुडाला राखाडी डाग होता, डाळीच्या दाण्याएवढा. वाळूने घासला, गेला नाही. ट्यूबलाइटकडे धरलं तर डागाच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका दिसला. सुईच्या टोकाएवढा. आरपार.

काका आले तेव्हा मी ते हातात धरून उभी होते. मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी ते घेतलं, उजेडाकडे धरलं, पुष्कळ वेळ धरून ठेवलं. मग फडक्यात गुंडाळलं.

"मॅडमना मी सांगते काका," मी म्हणाले.

"तू गप ऱ्हा. सही माझी हाय."

"पण केलं मी."

"तुझी नोकरी पक्की व्हायचीय अजून. मी चाललोच हाय. माझं काय वाकडं होतंय?"

त्यांनी मॅडमना सांगितलं की ज्वालेवर लक्ष राहिलं नाही, हातून झालं. मी बाजूला उभी होते. बोलले नाही.

वाकडं काय होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. मालक आले होते. ते वाईट बोलले नाहीत, तेच जास्त वाईट झालं. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वय होतं काका, चालायचंच. आता शेवटचे दोन-तीन महिने आरामात काढा." आणि प्लॅटिनमच्या कपाटाची किल्ली मॅडमकडे गेली. काकांना काचेची भांडी धुवायचं काम दिलं. सकाळी वजनाच्या वेळी ते सिंकपाशी पाठमोरे उभे असायचे. मॅडम क्रूसिबलं काढायच्या, मी आकडे वाचायचे. आकडा ऐकून काकांची मान जराशी हलायची, पण ते वळायचे नाहीत.

दोन दिवस मी हे बघितलं. दोन दिवस, हे मी मुद्दाम लिहिते. पहिल्याच दिवशी बोलले असं लिहायला मला आवडलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, "डबा परत आला काल. काय झालंय?" मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. मग पहिला प्रश्न आला, "ज्वाला पिवळी होती?"

"हो."

"आणि तू भांडं तसंच ठेवलंस? घरी जर्मनचा टोप काळा केलास तर मी तुला काय सांगते?"

"आई, ते नाही गं. काकांचं विचार."

"त्यांचं काय विचारायचं. त्यांनी तुझ्या चुकीवर पांघरूण घातलं. आता तू ते किती दिवस पांघरून बसणार?" तिने डबा भरला, झाकण दाबलं. "नोकरी गेली तर दुसरी बघू. डिग्री काय ते घेणारेत का परत?"

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं. पिशवी जड लागते असं काका म्हणाले होते हे सांगितलं. मी फॉर्म दाखवला हे सांगितलं. ज्वालेचं सांगितलं. दोन दिवस गप्प बसले हेही सांगितलं.

मॅडमनी ऐकून घेतलं. उरलेला चुरा मागवला आणि माझ्यासमोरच तपासला. शिसं होतं, भरपूर होतं. लोलकांना जी चमक असते ती शिशामुळेच. झुंबरवाल्याची काच साधी कशी असेल, हे मला फॉर्म बघताना सुचायला हवं होतं.

"फॉर्म नमुना पाठवणारा भरतो," मॅडम म्हणाल्या. "त्याच्यावर काय लिहिलंय ते खरं आहे का, हे बघायलाच लॅब असते. नाहीतर आपण कशाला आहोत?"

त्यांनी चुऱ्याची पिशवी माझ्याकडे सरकवली.

"तुझं ट्रेनिंग सहा महिने वाढवते. काढत नाही."

दुपारी किल्ली काकांकडे परत गेली. मला वाटलं ते खूश होतील. ते माझ्याशी बोलेनासे झाले.

चार दिवस. मी "काका" म्हटलं की ते वाळू चाळायला लागायचे. पाचव्या दिवशी मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"काका, काय चुकलं माझं ते सांगा तरी."

"चुकलं? छान केलंस तू." चाळणी हलत होती. "मॅडमच्या तोंडावर मना खोटारडा केलास. अठ्ठावीस वर्षांत मी त्या केबिनमधी एकदा खोटं बोललो. एकदा. तेबी तू पकडून दिलंस."

याचा मी विचारच केला नव्हता. मी म्हणाले, "मग काय करायला हवं होतं मी?"

"मना आधी सांगायचंस. दोघं गेलो असतो."

 

तीन नंबर परत शुद्ध करायला गेलं. प्लॅटिनमचं हे मला सगळ्यात थोर वाटतं. भोक पडलं, शिसं शिरलं, तरी ते वाया जात नाही. जिथे हे काम करतात तिथे ते आम्लराजात विरघळवतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक, दोन ॲसिडांचं हे मिश्रण. एकेकटं कुठलंच ॲसिड प्लॅटिनमला विरघळवू शकत नाही. शिसं वेगळं काढतात आणि पुन्हा शुद्ध धातू बनवतात. अख्खं प्लॅटिनम हातात घ्या, अंगठीत घाला, काही होत नाही. पण विरघळल्यावर त्याचे जे क्षार होतात त्यांची धूळ छातीत गेली तर धाप लागण्याचा आजार जडू शकतो, काहींना तर आयुष्यभराचा. तिथली माणसं मास्क घालून काम करतात. माझ्या एका चुकीसाठी कुणीतरी मास्क चढवून उभं राहिलं असेल, हे मनात येऊन मला बरं वाटलं नाही.

नवीन क्रूसिबल महिन्याभराने आलं. इतकं चकचकीत की त्यात माझं तोंड दिसलं. मी ते काकांपुढे नेलं. त्यांनी हातात घेतलं आणि महिन्यात पहिल्यांदा मला पूर्वीसारखं काम सांगितलं.

"लगेच वापरायचं नाय. नवं हाय. आधी ॲसिडमधी उकळ, मग भट्टीत लाल कर, मग वाळू. तीन वेळा. तेव्हा कुठं ते कामाला येतं." आणि ते माझ्या हातात परत देत म्हणाले, "भट्टीत तुझ्या हातानं ठेव. ज्वालेवर नको. तुझी नि ज्वालेची ओळख व्हायचीय अजून."

मी ते टोमणा म्हणून नाही, मान म्हणून घेतलं.

भट्टीचं दार उघडलं तेव्हा ते नवं क्रूसिबल आतल्या विटांच्याच रंगाचं झालं होतं, केशरी, कड कुठे संपते ते दिसेना. मी प्लॅटिनमच्या टोकाच्या चिमट्याने बाहेर काढलं. लोखंडी चिमटा लाल प्लॅटिनमला लावला तर त्याचा डाग राहतो. विटेवर ठेवलं. केशरी उतरून गडद लाल झालं, मग लाल गेलं, आणि खाली होतं तसंच पांढरं. काजळी नाही, गंज नाही, कुठे रंग उडालेला नाही. काका नि मी दोघंही वाकून बघत होतो. त्यांनी ते अठ्ठावीस वर्षं रोज पाहिलं होतं, तरी ते वाकले होते.

काकांच्या शेवटच्या दिवशी मालक आले, बटाटेवडे आणि चहा मागवला, शाल आणि नारळ दिला. खुर्च्या गोल मांडल्या होत्या. काका मधल्या खुर्चीत, शाल खांद्यावर, तिचं एक टोक शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पडलेलं. मालकांनी भाषण केलं. चांगलं केलं. शेवटी म्हणाले, "आणि अठ्ठावीस वर्षांत काकांच्या हातून एकही क्रूसिबल खराब झालं नाही. मध्ये माझा गैरसमज झाला होता, त्याबद्दल मी काकांची माफी मागतो."

टाळ्या झाल्या. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "एक गेलं."

मालक हसले. "काका, ते तुमच्या हातून नाही. मॅडमनी सांगितलंय मला सगळं."

"हातून नाय. सहीवर गेलं." त्यांनी हातातली वड्याची बशी मांडीवर ठेवली. "पिशवी मी उचलली होती. मना कळलं होतं जड हाय. पोरीनं कागद दाखवला, मी म्हटलं, शिकलेली हाय, असंल बरोबर. नि जेवायला गेलो. संशय आल्यावर जेवायला जायचं नसतं. तिची चूक तिनं सांगितली. माझी मी सांगतो. वहीत सही हाय ती राहू द्या."

मॅडम चहाकडे बघत होत्या. मालकांना कळेना की आता टाळ्या वाजवायच्या की नाही. त्यांनी दोनदा वाजवल्या.

मी उठले आणि काकांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरक जरा. शाल दाबलीस."